दूध पचत नाही? मग बाटली कशाला, विरजण आहे की!



कोळसेवाडी, पाथर्ली, वागळे इस्टेट, कळवा, कुठल्याही वस्तीत महिला मंडळाच्या बैठकीत आरोग्याचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. तोही बैठक संपल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात. "सिस्टर, दूध प्यायलं की माझं पोट बिघडतं. काही मोठा आजार तर नसेल ना?" विचारणारी कधी पंचविशीची असते, कधी साठीची. आणि आता गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक शेपूट जोडले गेले आहे : "मेडिकलवाला म्हणतो प्रोबायोटिक घ्या. घेऊ का?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला नीट द्यायची आहेत. कारण चुकीच्या उत्तरापायी आपल्या घरांतला पैसा जातो आहे, आणि काही घरांत तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तोडले जाते आहे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार गंभीर आहे.

आधी पहिला प्रश्न. दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती आहे तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य असते, ते या साखरेचे दोन तुकडे करते आणि मग ती शोषली जाते. तान्हेपणी प्रत्येकाकडे हे पाचकद्रव्य भरपूर असते, कारण आईचे दूध हेच तेव्हा एकमेव अन्न. मूल मोठे होऊ लागले की जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होत जाते. न तुटलेली साखर मग मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात, वायू तयार होतो, साखर पाणी ओढून घेते. पोट फुगते, गुडगुडते, कळ येते, वारा सरतो, पातळ होते. दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत हा सगळा कार्यक्रम होतो.

जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसांमध्ये हे पाचकद्रव्य कमी असते. म्हणजे दूध न पचणारे हेच बहुमतात आहेत! भारतात १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीत तपासलेल्या निरोगी माणसांपैकी १०० मागे सुमारे २७ जणांना लॅक्टोज पचत नव्हते, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरी इथे १०० मागे सुमारे ६७ जणांना. पुढे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा याचे कारणही कळले. ज्या समाजांनी हजारो वर्षे गुरे पाळून दुधावर गुजराण केली, त्यांच्यात मोठेपणीही लॅक्टेज टिकवणारा जनुकातला बदल जास्त सापडतो. बाकीच्यांत कमी. यात कोणी श्रेष्ठ नाही, कोणी कमजोर नाही. डोळ्यांचा रंग जसा वेगळा असतो तसे आहे हे.

पण आपल्याकडे दुधाला नुसते अन्न राहू दिलेले नाही. दूध म्हणजे पूर्णान्न, दूध म्हणजे सात्त्विक, दूध पिणारा हुशार, असे शाळेच्या पुस्तकापासून टीव्हीच्या जाहिरातीपर्यंत आपल्या कानांवर आदळत आले. ज्यांच्या दारात गाई-म्हशी बांधलेल्या होत्या त्यांचा आहार हाच सगळ्यांचा आदर्श आहार ठरला. आपल्या आज्या-पणज्यांच्या चुलीवर काय शिजत होते? ज्वारी-बाजरीची भाकर, हुलगे, घोळ-तांदूळजाची भाजी, सुकट-बोंबील, मिळेल ते मांस. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक वाचले की मराठवाड्यातल्या आपल्या घरांतला हा स्वयंपाक डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यात दूध-तुपाला फारसे स्थान नाही, कारण ते हाताशीच नव्हते. तेव्हा एखाद्या ताईला पेलाभर दूध झेपत नसेल तर तिने अपराधी वाटून घेऊ नये, आणि सासूनेही "आमच्याकडे सगळ्यांना पचतं, हिलाच नखरे" असे म्हणू नये.

आता वस्तीत हा त्रास नेमका कुठे बोचतो ते सांगते. ज्याच्या घरात संडास आहे त्याच्यासाठी दूध न पचणे ही किरकोळ कटकट आहे. पण सार्वजनिक शौचालयाची रांग, सकाळी पाण्याची वेळ, आणि साडेसहाची लोकल पकडून ठाण्याला किंवा त्याहीपुढे कामाला जायचे, अशा बाईसाठी तो मोठा प्रश्न आहे. कल्याणला गाडीत चढलेल्या बाईला मधे कळ आली तर ती कुठे जाणार? घरकाम करणाऱ्या बायकांना अनेक ठिकाणी मालकिणीचा संडास वापरू देत नाहीत, हे मी नव्याने सांगायला नको. मग या बाया काय करतात? सकाळी काही खातच नाहीत. नुसत्या चहावर दुपारपर्यंत राबतात. मुलीही तेच शिकतात. शाळेतला संडास घाण, म्हणून डबा नको, पाणी नको. दुधाने पोट बिघडते हे ओळखता आले नाही की दोष सगळ्याच खाण्याला लागतो आणि बाई उपाशी राहते. आपल्यात रक्त कमी असलेल्या बाया-मुली इतक्या आहेत, त्यामागची बरीच कारणे मोठी आहेत. पण हे उपाशी राहणे मला रोज दिसते.

म्हणून आधी ओळखा. त्यासाठी घरीच एक सोपी पद्धत आहे. दोन आठवडे दूध, खीर, बासुंदी, पेढे, आईस्क्रीम, दुधाची कॉफी पूर्ण बंद. रोज पोट कसे होते ते वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला लिहायला सांगा. त्रास थांबला, तर एक दिवस रिकाम्या पोटी पेलाभर दूध घेऊन बघा. घरी असाल त्या दिवशी, कामाच्या दिवशी नको. पुन्हा तोच कार्यक्रम झाला तर उत्तर मिळाले. मोठ्या रुग्णालयांत श्वासातला हायड्रोजन मोजणारी तपासणी असते, पण बहुतेकांना तिची गरज पडत नाही.

आता प्रोबायोटिक. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे. पुरेशा प्रमाणात पोटात गेले तर शरीराला फायदा करणारे जिवंत जंतू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ही व्याख्या केली. यातले तीन शब्द लक्षात ठेवा : जिवंत, पुरेसे, फायदा. तिन्ही असतील तरच ते प्रोबायोटिक.

दूध न पचणाऱ्यांसाठी जंतूंचा उपयोग होतो का? होतो, आणि त्याचा सर्वांत पक्का पुरावा कॅप्सूलचा नाही, दह्याचा आहे. १९८४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. ज्यांना लॅक्टोज पचत नाही अशा माणसांना तेवढेच लॅक्टोज एकदा दुधातून आणि एकदा योगर्ट म्हणजे त्यांच्याकडच्या दह्यातून दिले. न पचलेल्या साखरेपासून तयार होणारा हायड्रोजन मोजला, तर दह्यानंतर तो दुधानंतरच्या जवळजवळ एक तृतीयांशच निघाला. कारण दह्याचे जंतू स्वतःबरोबर लॅक्टेजसारखेच पाचकद्रव्य घेऊन येतात. जठरातल्या आम्लातून घट्ट दही त्यांना बऱ्यापैकी सांभाळून नेते, पुढे लहान आतड्यात पित्तामुळे त्यांचे कवच सैल होते आणि आतले पाचकद्रव्य कामाला लागते. शिवाय दही लागतानाच थोडी साखर जंतूंनी खाल्लेली असते, आणि दही जठरातून दुधापेक्षा सावकाश पुढे सरकते. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा तपासून मान्य केला. जाहिरातींतले कितीतरी दावे या संस्थेने फेटाळून लावले आहेत, म्हणून याला महत्त्व.

आणि कॅप्सूल, पावडरच्या पुड्या, दुकानात थंड कपाटात ठेवलेल्या छोट्या गोड बाटल्या? त्यांच्यावरही प्रयोग झाले आहेत. काही ठरावीक जातींच्या जंतूंनी काहींना आराम पडलेला दिसतो, काही प्रयोगांत फरकच दिसत नाही. एका जातीला लागू पडलेले दुसरीला लागू पडत नाही. दुकानदार मात्र सगळ्यांना एकाच नावाने विकतो. जुलाबावर आपल्याकडे सर्रास पाण्यासारख्या औषधाची छोटी कुपी देतात, तिच्यात बहुधा बॅसिलस क्लॉसी नावाचे जंतू असतात. ती जुलाबासाठी म्हणून देतात. दूध पचवण्याचे काम तिचे नाही. तरी एका ताईंना एका खासगी दवाखान्यातून महिनाभर अशा कुप्या आणि वर कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. त्यांनी कानातले गहाण ठेवायची तयारी केली होती. "रोज दूध किती पिता?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. बाळंतपणानंतर ताकद यावी म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पेले दूध पीत होत्या.

माझे मत स्पष्ट आहे. नुसते दूध पचत नाही एवढ्यासाठी आपल्या घरांनी प्रोबायोटिकची बाटली विकत घेऊ नये. तेच पैसे दुधात घाला आणि घरी विरजण लावा. त्या गोड बाटल्यांत साखरही असते. घरात मधुमेही असेल तर आणखीच नको. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे, कॅन्सरचे औषधोपचार सुरू आहेत, किंवा बाळ दिवसांच्या आधी जन्मले आहे, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले जिवंत जंतूंचे औषध देऊच नये.

काही जण विचारतील, घरच्या दह्यात कुठले जंतू आहेत ते कोणी मोजले आहे का? बरोबर आहे. आपल्या विरजणात घराघराप्रमाणे वेगवेगळे जंतू असतात, डब्यावर छापावा असा आकडा त्यांचा नसतो. पण दह्याचे जंतू ही साखर खाऊनच दूध आंबवतात. दही नीट लागले आणि आंबटसर झाले, याचा अर्थ जंतू जिवंत आहेत आणि आपले काम करत आहेत. यापेक्षा वेगळी पावती आपल्याला नको.

दही कसे लावायचे हे वाचकांना मी शिकवावे म्हणजे आगाऊपणा झाला. तरी चार गोष्टी सांगते, कारण वस्तीत दही बिघडते ते बहुधा याच कारणांनी. दूध उकळून घ्या आणि बोट सहन होईल इतके कोमट झाल्यावरच विरजण घाला. कढत दुधात घातले तर जंतूच मरतात. भांडे उकळत्या पाण्याने विसळलेले हवे. उन्हाळ्यात सहा तासांत लागते, थंडीत भांडे जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा. आणि दही दोन तास जास्त राहू दिले, थोडे आंबट झाले, तर आपल्याला बरेच; तेवढी साखर आणखी कमी झाली. फ्रीज नसेल तर लागेल तेवढेच लावा. बुरशी दिसली, तार सुटली किंवा वेगळाच वास आला तर सरळ फेकून द्या, कढी करून संपवू नका.

ताक पाण्यामुळे पातळ होते, म्हणून दह्याहूनही सोपे. दोनशे मिलिलिटर दुधात साधारण दहा ग्रॅम लॅक्टोज असते. तेवढ्याच पेल्यातल्या घरच्या ताकात दोन-तीन ग्रॅमच्या आसपास. कढी केली की उष्णतेने जंतू मरतात, पण साखर कमीच असल्याने ती बहुतेकांना चालते. मात्र दुकानात फ्रीजबाहेर महिनोन्महिने टिकणारे खोक्यातले ताक मिळते, ते जास्त तापवून भरलेले असते. त्यात जिवंत जंतू नसतात. रक्तदाब असेल त्यांनी ताकात मीठ बेताचे घाला.

दूध पूर्ण सोडायलाच हवे असेही नाही. लॅक्टोज न पचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक मोठा पेला दूध, फारशा त्रासाशिवाय चालते. जेवणाबरोबर घेतले तर आणखी चांगले. रिकाम्या पोटी गटागटा प्यायले की बिघडते. चहातले चार चमचे दूध सहसा कोणाला बाधत नाही. पनीर, चक्का यांतून पाण्याबरोबर बरीच साखर निघून जाते, तुपात ती जवळजवळ नसतेच. रोज थोडे थोडे घेत गेले तर मोठ्या आतड्यातले जंतूही त्या साखरेला सरावतात. दोन चमचे दह्यापासून सुरुवात करा, आठवड्याने वाटी करा.

आता तान्ह्या बाळाचे. इथे मला थोडे रागावून लिहावे लागणार आहे. बाळाला जुलाब झाले की कोणीतरी मोबाईलवर वाचून सांगते, "दूध पचत नाही, अंगावरचं बंद कर." आणि आई बंद करते. असे कदापि करू नका. आईच्या दुधात गाई-म्हशीच्या दुधापेक्षाही जास्त लॅक्टोज असते, सुमारे सात टक्के, आणि बाळाचे पोट त्यासाठीच घडलेले असते. जन्मापासूनच लॅक्टेज नसणारे बाळ अतिशय दुर्मीळ. जुलाबाच्या आजारात आतड्याचे अस्तर सोलवटते, त्यामुळे लॅक्टेज तात्पुरते कमी होते, पण अस्तर पुन्हा भरते आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत गाडी रुळावर येते. तोवर अंगावरचे दूध चालूच, जास्त वेळा पाजायचे. सोबत ओआरएस. आणि चौदा दिवस झिंक : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दहा मिलिग्रॅम, त्याहून मोठ्याला वीस. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. हे सगळे आशाताईंकडे आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते. वरचे खाणाऱ्या मुलाला दुधाऐवजी दही-भात द्या. जुलाब चौदा दिवसांपेक्षा लांबले, बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर प्रयोग नकोत, रुग्णालय गाठा.

मोठ्यांनाही एक इशारा. सगळेच पोटदुखी-जुलाब दुधाचे नसतात. शौचातून रक्त पडणे, वजन उतरणे, संध्याकाळचा ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांतले काहीही असेल तर ताक पीत बसू नका. आतड्याचा क्षयरोग आपल्या वस्त्यांत आहे आणि तो पोटाच्या तक्रारीनेच सुरू होतो. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल तिथे केसपेपर काढा. डॉक्टरांसमोर लाजू नका. दिवसातून किती वेळा, कसे, काय खाल्ल्यावर, हे वहीतून वाचून दाखवा.

दूध कमी केले तर हाडांचे काय, हा प्रश्न योग्य आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दोन भाकऱ्यांत पेलाभर दुधाइतके येते. ते सगळे अंगी लागत नाही, पण नाचणी भिजवून, मोड आणून किंवा आंबवून घेतली तर जास्त लागते. आंबील हा त्यावरचा आपला जुना इलाज. शेवग्याचा पाला, तीळ, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट, जवळा. सुकट नीट धुऊन मीठ काढून टाका. आणि दही-ताक आहेच, त्यातले कॅल्शियम दुधातलेच.

मुलांच्या बाबतीत मात्र घरच्या चुलीवर सगळे भागणार नाही. २०१८ मध्ये राज्यात दुधाची भुकटी साचली, तेव्हा ती शाळेतल्या मुलांच्या हाती पाकिटातून द्यायची योजना निघाली. साय काढलेल्या भुकटीत निम्मे लॅक्टोज असते. किती मुलांना ते झेपेल याचा विचार कोणी केला? २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे सुरू झाले, आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा वेगळा निधी बंद केला. अंडे जवळजवळ प्रत्येक मुलाला पचते. भेसळ करता येत नाही, साठवायला फ्रीज लागत नाही. मग अंड्यावरच एवढा वाद का, हे आपल्याला माहीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतल्या आया असतील तर त्यांनी हा विषय लेखी मांडावा.

शेवटी वैशाख पौर्णिमेच्या खीरदानाबद्दल. सुजाताने उरुवेलेला सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ती आठवण आहे, आणि ती थांबवा असे मी मुळीच म्हणत नाही. पण आटवलेल्या दुधाची खीर म्हणजे साखर अधिक घट्ट. उकळल्याने लॅक्टोज मोडत नाही. सकाळी उपाशी पोटी आलेल्या मुलांना आपण आग्रह करकरून दोन-दोन द्रोण देतो आणि दुपारी शौचालयापुढे रांग लागते. छोटा द्रोण, तोही जेवणानंतर द्या, इतके जमेल. शेजारी ताकाचे पिंप ठेवा, जसे १४ एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीसाठी आपण ठेवतोच. विनयपिटकातल्या महावग्गात भिक्खूंना पाच गोरस चालतील असे सांगितले आहे : दूध, दही, ताक, लोणी आणि तूप. ज्याला पहिला सोसत नाही त्याच्यासाठी पुढचे चार आहेत. ताकाचे पिंप झाकलेले हवे, पाणी उकळून गार केलेले हवे, आणि ओगराळे एकाच्याच हातात. विरजण कोणाकडून आणायचे ते महिला मंडळाने आदल्या दिवशीच ठरवावे.